महाजालावरची घरे आणि शेजार

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मूळचा वैद्यकातला आहे. योहानेस होफर या स्विस विद्यार्थ्याने १६८८ साली वैद्यकाच्या प्रबंधात दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. एकाचा अर्थ घरी परतणे, दुसर्‍याचा वेदना. परमुलखात राहणार्‍या माणसांना घराच्या ओढीने जो विकार जडतो त्याचे ते नाव होते. आज आपण या भावनेला आजार मानत नाही. स्मरणरंजन म्हणतो आणि त्यात थोडा आनंदही मानतो. गंमत अशी, की गेल्या दहा-बारा वर्षांत ही घरओढ एका वेगळ्याच जागेविषयी दिसू लागली आहे. ती जागा म्हणजे १९९० च्या दशकातले महाजाल, म्हणजे इंटरनेट. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी मुलेमुली आज त्या काळासारखी पाने तयार करताना दिसतात.

या ओढीमागचे म्हणणे साधारण असे असते: तेव्हा लोक स्वतः काहीतरी घडवत, आता नुसते बोटाने पडदा सरकवत बसतात, तेव्हा ओळखी होत, आता आकडे वाढतात. या तक्रारीत तथ्य आहे. पण तक्रार खरी असली म्हणजे तिच्यावरचा उपाय बरोबर असतोच असे नाही. १९९५ ते २०१० या काळात महाजालावर एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या. वेग वाढला, जागा स्वस्त झाली, जाहिराती आल्या, वापरणार्‍यांची संख्या प्रचंड वाढली, आणि काय आधी दाखवायचे हे यंत्र ठरवू लागले. यांपैकी नेमके काय हरवल्यामुळे चुकल्याचुकल्यासारखे वाटते? प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. येथे तशी सोय नाही. म्हणून जुन्याचे अनुकरण करणार्‍या नव्या जागांकडे थोडे चिकित्सकपणे पाहायला हवे. शाळाही आता मुलांचे काम महाजालावर ठेवू लागल्या आहेत. ते कोणत्या जागी ठेवावे हा निर्णय शिक्षकांपुढे येतो, तेव्हा ही चिकित्सा त्यांच्याही उपयोगाची आहे.

जिओसिटीज: दोन मेगाबाइटचे घर

डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ साली अमेरिकेत एक सेवा सुरू केली. पुढे तिचे नाव जिओसिटीज पडले. कल्पना सोपी होती. कोणालाही थोडी जागा फुकट मिळे आणि तिथे त्याने स्वतःचे पान मांडायचे. वैशिष्ट्य होते ते पत्त्यात. जागा विषयवार 'वस्त्यां'मध्ये विभागलेली होती. विज्ञान, गणित आणि विमानविद्येची आवड असणार्‍यांसाठी केप कॅनाव्हरल, साहित्य-तत्त्वज्ञान-शिक्षणासाठी अथेन्स, पर्यावरणासाठी रेनफॉरेस्ट, संगणकासाठी सिलिकॉन व्हॅली. वस्तीच्या नावापुढे चार आकडी घर क्रमांक असे. म्हणजे तुमच्या पानाला शेजारी असे, आणि तो तुमच्याच आवडीचा असण्याची शक्यता बरीच असे. वस्तीतले काही जुने रहिवासी नवख्यांना स्वयंसेवक म्हणून मदत करीत.

सुरुवातीच्या काळात मिळणारी जागा २ मेगाबाइट होती. आजच्या मोबाईलवर काढलेले एक छायाचित्रही अनेकदा याहून मोठे असते. त्या वेळच्या २८.८ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या मोडेमने २ मेगाबाइट, म्हणजे सुमारे १.६ कोटी बिट, उतरवून घ्यायला साडेनऊ मिनिटांच्या आसपास लागत. त्यामुळे प्रत्येक चित्राची किंमत ठरलेली होती. काय ठेवायचे, काय गाळायचे, कोणते चित्र लहान करायचे, हा विचार पान करणार्‍याला करावाच लागे. भडक रंग, लुकलुकणारी अक्षरे, हलणारी चित्रे आणि 'काम चालू आहे' अशा पाट्या यांची आज थट्टा होते. पण त्या माणसांनी स्वतः केलेल्या निवडी होत्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पान ज्या एच.टी.एम.एल. भाषेत लिहिलेले असे, ती कोणालाही न्याहाळकातून उघडून पाहता येई. एखाद्याचे पान आवडले की त्याची आज्ञावली पाहायची, तुकडा उचलायचा, आपल्या पानात बसवायचा, बदल करून काय होते ते बघायचे. हजारो लोक असेच शिकले. घड्याळ खोलून पाहणार्‍या मुलाला जो आनंद होतो तो येथे होता, आणि शिवाय घड्याळ बिघडण्याची भीती नव्हती.

आठवणीतले आणि प्रत्यक्षातले

येथवर सारे छान आहे. पण याच कहाणीची दुसरी बाजू स्मरणरंजनात गळून जाते. १९९८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जिओसिटीजविरुद्ध तक्रार केली. नोंदणीच्या वेळी मुलांकडून व मोठ्यांकडून घेतलेल्या वैयक्तिक माहितीच्या वापराविषयी कंपनीने दिशाभूल केली, असा आरोप होता. महाजालावरील खासगीपणाविषयी त्या आयोगाने हाताळलेले हे पहिले प्रकरण, आणि ते तडजोडीने मिटले. १९९९ साली याहूने जिओसिटीज विकत घेतली. सौद्याची किंमत साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक होती. त्यानंतर लगेच नव्या अटी आल्या. रहिवाशांनी तयार केलेल्या मजकुरावर कंपनीला व्यापक हक्क देणार्‍या त्या अटींविरुद्ध लोकांनी आपली पाने करडी करून निषेध केला आणि याहूला माघार घ्यावी लागली. वस्त्या आणि घर क्रमांक यांची पद्धतही त्याच सुमारास मागे पडली. वापरणार्‍याचे नाव हाच पत्ता झाला. शेजार संपला तो येथे. २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद झाली. जपानमधील शाखा ३१ मार्च २०१९ पर्यंत चालली.

बंद होण्याआधी आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने जेवढे जमेल तेवढे उतरवून घेतले. ओलिया लियालिना आणि ड्रागान एस्पेनशीड या दोन कलावंत-अभ्यासकांनी त्या साठ्यातली पाने एकेक करून पुन्हा लोकांसमोर ठेवली. ती पाहताना लक्षात येते, की कित्येक पाने अर्धवट सोडलेली आहेत, कित्येकांवर 'लवकरच येत आहे' एवढेच आहे. आपल्याला आठवतात ती चांगली पाने. टिकलेल्या नमुन्यांवरून सगळ्या समूहाचा अंदाज बांधण्याची चूक विज्ञानाला चांगली परिचित आहे. स्मरणरंजनात नेमकी तीच होते.

निओसिटीज: काय साधले, काय राहिले

काइल ड्रेक यांनी २०१३ साली सुरू केलेली निओसिटीज ही जिओसिटीजची उघड वारसदार आहे. सुरुवातीला ती १० मेगाबाइट जागा देत असे, आता १ गिगाबाइट मोफत देते. जाहिराती नाहीत, पैसे देणार्‍या समर्थकांवर खर्च चालतो. पान आपण स्वतः लिहायचे, तयार साच्यात नाव भरून मोकळे व्हायचे नाही. माझ्या मते या तीन निवडी योग्य आहेत आणि त्या वरवरच्या नाहीत. जाहिरात नसेल तर तुम्हाला अधिक वेळ खिळवून ठेवण्यात चालकाचा फायदा नसतो. स्वतः लिहिलेले पान तुम्हाला समजते आणि दुसरीकडे हलवता येते. जुन्या व्यवस्थेतला जो भाग खरोखर जपण्यासारखा होता, तो येथे जपला गेला आहे.

पण एका बाबतीत निओसिटीजने जुन्यापेक्षा नव्याचेच अनुकरण केले आहे. प्रत्येक स्थळासोबत भेटींची आणि अनुसरणार्‍यांची संख्या दिसते, आणि स्थळांची यादी त्या संख्यांनुसार लावता येते. यावर कोणी म्हणेल, जुन्या पानांवरही भेटींचा मोजणी-फलक असेच. असे, पण त्यात एक मूलभूत फरक होता. तो आकडा तुम्ही त्या पानावर पोहोचल्यानंतर दिसे. कुठे जायचे हे ठरवताना तो हाताशी नसे.

हा फरक किती मोठा आहे हे एका प्रसिद्ध प्रयोगातून कळते. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १४,३४१ जणांना अपरिचित गायकांची ४८ गाणी ऐकायला दिली आणि आवडल्यास उतरवून घ्यायला सांगितले. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे 'जग' केले होते. प्रत्येक जगात, त्याच जगातल्या आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले तो आकडा दिसे. आकडा दिसू लागताच लोकप्रिय आणि दुर्लक्षित गाण्यांमधली दरी रुंदावली. शिवाय कोणते गाणे वर जाईल हे जगागणिक बदलले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. प्रयोगाच्या दुसर्‍या भागात गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लावून दाखवली, तेव्हा विषमता आणखी वाढली.

वर्गातल्या चाळीस मुलांचे काम महाजालावर ठेवताना या निष्कर्षाचा अर्थ काय होतो? बहुतेक मुलांचे काम 'मधल्या' प्रतीचे असते, आणि त्यांनाच प्रोत्साहनाची सर्वांत जास्त गरज असते. क्रमवारी लावली की त्यांचे भवितव्य सुरुवातीच्या चार-दोन योगायोगांवर अवलंबून राहते. शाळेतल्या भित्तिपत्रकावर असे होत नाही. तिथे निबंध कुठे चिकटवला एवढाच भेद असतो, आणि तो निर्णय कोणीतरी माणूस घेतो. त्याला कारण विचारता येते.

कडे आणि आडवाटा

जुन्या महाजालातली आणखी एक रचना आज पुन्हा लोकप्रिय होत आहे. इंग्रजीत तिला वेबरिंग म्हणतात. आपण कडे म्हणू. एका विषयावरची काही पाने गोलाकार जोडायची: प्रत्येक पानावर मागच्या आणि पुढच्या पानाचा दुवा. वाचक एकातून दुसर्‍यात जात पुन्हा मूळ जागी येतो. येथे क्रमवारी नाही, पहिला-शेवटचा नाही. सामाजिक दृष्ट्या ही रचना फार सुंदर आहे, पण गणिताच्या दृष्टीने तिच्यात दोन उणिवा आहेत. एक पान बंद पडले की कडे तुटते. आणि अंतरे मोठी असतात: चाळीस पानांच्या कड्यात कोणत्याही दोन पानांमधले सरासरी अंतर दहा पायर्‍यांच्या आसपास येते. पाने चारशे झाली की अंतर शंभर.

यावरचा उपायही शास्त्राने दाखवला आहे. वर उल्लेख केलेले डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ साली 'नेचर'मध्ये याच प्रकारच्या कड्यांचा अभ्यास मांडला. एक हजार बिंदू वर्तुळावर ठेवा आणि प्रत्येकाला जवळच्या दहा बिंदूंशी जोडा. सरासरी अंतर सुमारे ५० पायर्‍या येते. सारे दुवे यादृच्छिक केले तर ते तीनच्या आसपास उतरते, पण मग शेजार नाहीसा होतो. माझे दोन शेजारी एकमेकांचेही शेजारी असण्याची शक्यता उरत नाही. मौज मधल्या स्थितीत आहे. शंभरातला एखादा दुवा उचलून लांब कुठेतरी जोडला, की अंतर कमालीचे घटते आणि शेजार मात्र जवळपास तसाच राहतो.

म्हणजे आपुलकीचा लहान गट आणि मोठ्या जगाशी संपर्क यांपैकी एकच निवडावा लागतो असे नाही. थोड्या आडवाटा पुरतात. आजच्या मोठ्या समाजमाध्यमांनी प्रत्येकाला सगळ्यांशी जोडण्याचा हव्यास धरला आणि शेजार गमावला. उलट जुन्या काळाच्या आठवणीत रमलेल्या काही गटांनी स्वतःभोवती कडे घालून घेतले आहे, आणि त्यात नवखा शिरणे अवघड झाले आहे. दोन्ही टोके टाळता येण्यासारखी आहेत.

श्रेय देणारे यंत्र

खर्‍या जवळिकीविषयी मला सर्वांत बोलके वाटलेले उदाहरण मुलांच्या जगातले आहे. एम.आय.टी. मीडिया लॅबमध्ये मिचेल रेसनिक यांच्या गटाने तयार केलेली स्क्रॅच ही आज्ञावली-भाषा २००७ साली सर्वांसाठी खुली झाली. रंगीत ठोकळे जोडून मुले खेळ आणि चलच्चित्रे बनवतात, ती सर्वांना दाखवतात, आणि दुसर्‍याचे काम उघडून, बदलून स्वतःचे नवे रूप तयार करतात. जुन्या महाजालावर आज्ञावली उघडून पाहण्याची जी सोय होती, तिचाच हा पद्धतशीर वारसा आहे. लुकलुकणारी अक्षरे न आणताही जुन्यातले सत्त्व कसे घेता येते याचा तो नमुना आहे. मुलांना एकमेकांना खासगी निरोप पाठवण्याची सोय तेथे नाही, हेही सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच.

सुरुवातीला मुलांच्या तक्रारी आल्या: माझे काम उचलले आणि माझे नाव दिले नाही. तेव्हा चालकांनी अशी व्यवस्था केली, की नवे रूप प्रसिद्ध होताच 'हे अमक्याच्या कामावर आधारित' अशी ओळ यंत्रच आपोआप घालील. प्रश्न सुटायला हवा होता, पण सुटला नाही. आन्द्रेस मोनरॉय-हर्नांडेझ, बेंजामिन माको हिल आणि त्यांच्या सहकार्‍यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की मुले यंत्राने घातलेल्या ओळीला श्रेय मानतच नाहीत. दुसर्‍या मुलाने स्वतःच्या हाताने नाव लिहून आभार मानले तर मात्र त्यांना ते पटते. दोन्ही ओळींतली माहिती एकच. फरक एवढाच की एका ठिकाणी कोणीतरी तसदी घेतली होती.

येथे कौतुकासोबत एक इशाराही द्यायला हवा. हिल आणि मोनरॉय-हर्नांडेझ यांच्याच २०१३ सालच्या अभ्यासानुसार, ज्या कामांची नवी रूपे जास्त निघतात त्यांची रूपे सहसा कमी मौलिक असतात. किती मुलांनी किती रूपे बनवली या आकड्यावरून सर्जनशीलता मोजू पाहणार्‍यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या भाषेतले उतारे

भारतात सर्वसामान्यांसाठी महाजाल १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. म्हणजे जिओसिटीजच्या काळात आपल्याकडचे मूठभर लोकच तेथे होते, आणि मराठीत पान लिहिणे हा वेगळाच खटाटोप होता. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट तेव्हा प्रचलित होते. तो विशिष्ट फाँट वाचकाच्या संगणकावर नसेल, तर कवितेच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. १९९१ सालच्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे संकेतांक मिळाले होते, परंतु ते सर्रास वापरात यायला बरीच वर्षे लागली. जुन्या फाँटमधला मजकूर साठवून ठेवला असला तरी रूपांतर केल्यावाचून आज वाचता येत नाही. मराठी वाचकासाठी 'जुने ते सोने' या म्हणण्याला ही मोठी मर्यादा आहे. आपले काम टिकावे असे वाटत असेल, तर ते कुठे ठेवले यापेक्षा कोणत्या रूपात ठेवले हे आधी पाहावे.

शिक्षकांसाठी कसोट्या

एखादी जागा जुन्या काळाची आठवण करून देते की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवीन. त्याऐवजी पाच गोष्टी विचारीन. मुलाला पान उघडून आत काय आहे ते पाहता आणि बदलता येते का? कुठे जायचे हे लोकप्रियतेचा आकडा ठरवतो की शेजारी? आभार मानायचे काम माणसाकडे राहिले आहे का? मुलांची कोणती माहिती घेतली जाते? आपल्याकडे २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे येथे लक्षात घ्यावे. आणि शेवटी, ती जागा उद्या बंद झाली तर सारे काम उचलून नेता येते का? निओसिटीज पहिल्या आणि शेवटच्या कसोटीला उतरते, दुसरीला अर्धवट. स्क्रॅच पहिल्या आणि तिसर्‍या कसोटीला चांगले उतरते, पण तेथेही पसंतीचे आकडे आहेतच.

हे सारे पडताळून पाहायला महाजालाची जोडणीही लागत नाही. शाळेच्या एका संगणकावर एक फोल्डर करावे. प्रत्येक विद्यार्थ्याने नोटपॅडमध्ये एच.टी.एम.एल. वापरून एक पान युनिकोड मराठीत लिहावे: गावातल्या विहिरी, आजीचे मोजमापाचे शब्द, शाळेच्या आवारातले पक्षी, काहीही. पान ५० किलोबाइटपेक्षा मोठे नसावे. हजेरी क्रमांकानुसार मागचा आणि पुढचा दुवा द्यावा; कडे तयार होईल. कोणत्याही दोन पानांमध्ये किती पायर्‍या लागतात ते मोजावे. मग प्रत्येकाने दुसर्‍या कोणाचे तरी पान वाचून त्याला एक दुवा द्यावा, आणि तो का दिला हे एका वाक्यात स्वतः लिहावे. दुवे एकाच दिशेने जातात हे ध्यानात ठेवून पायर्‍या पुन्हा मोजाव्यात. अंतर घटलेले दिसेल, आणि कोणाच्या पानाला एकही दुवा मिळाला नाही हेही दिसेल. त्या मुलाचे पान पुढच्या आठवड्यात कोण वाचणार, हे वर्गाने बसून ठरवावे. वर्षअखेरीस ते फोल्डर प्रत्येक मुलाला पेन ड्राइव्हवर घरी नेऊ द्यावे.